ताग, धैंचा की चवळी? त्याआधी रान कधी उघडं पडतं ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यात ९ एकर काळं बागायत रान. विहीर, एक बोअर आणि शेततळं. ५ एकरांत कांदा आणि गहू आलटून-पालटून, २ एकर ऊस, २ एकर डाळिंब. कांदा-गहू निघाला की फेब्रुवारी-मार्चपासून रान मोकळं. एप्रिल-मेच्या वावटळीत आणि जूनच्या वाऱ्यात वरची माती उडते, शेजारच्या चारीत नि बांधाच्या कडेला जाऊन बसते. पाणी जेमतेम एप्रिलपर्यंत पुरतं. अशा रानावर आच्छादन म्हणून ताग पेरावा, धैंचा की चवळी? आणि तागाचं बी घरी करता येईल का?

ताग नि धैंचा ही हिरवळीच्या खताची पिकं, चवळी कडधान्याची. तिन्ही चांगली आहेत. पण तुमच्या एप्रिल-मेच्या अडचणीला तिन्ही कामाची नाहीत, आणि त्याचं कारण पाणी. उन्हाळ्यात वाढीला लागलेलं पीक दिवसाला ५ मिलिमीटर पाणी सहज ओढतं. एका एकरावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण ४ हजार लिटर. म्हणजे एका एकराला रोज २० हजार लिटर, १० हजारी दोन टँकर. सुरुवातीचे दिवस लहान रोपांचे म्हणून निम्मं धरा, तरी ४५ दिवसांत एकरी ४ ते ५ लाख लिटर पाणी जातं. ज्याच्या शेततळ्याचा तळ मे महिन्यात दिसायला लागतो त्यानं हे पाणी डाळिंबाला आणि उसाला द्यावं. नुसती माती झाकायला ५ एकर ताग जगवणं आपल्या भागात परवडणारं नाही. पुस्तकातला सल्ला बहुतेक वेळा अशा ठिकाणचा असतो जिथं पाणी वर्षभर कालव्यात असतं किंवा हिवाळाभर बर्फ-पाऊस पडतो. तो तसाच उचलून सोलापुरात आणला की शेतकरी एकदा करून बघतो आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही.

म्हणून आधी वाऱ्याचा हिशेब मांडू. आपल्याकडे माती नेणारे वारे दोन. पहिला एप्रिल-मेचा, वळवाच्या आधी उठणारा. तो अर्धा-पाऊण तासच असतो, कुठूनही येतो, पण त्याला जोर फार. दुसरा जून ते ऑगस्टचा, पश्चिमेकडून नि नैर्ऋत्येकडून दिवसेंदिवस एकसारखा वाहणारा. घाटावर पाऊस कोसळत असतो आणि आपल्याकडे नुसते ढग पळतात. जिल्ह्याचा वर्षाचा पाऊस ५०० ते ५५० मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला जोराचा पाऊस सप्टेंबरात. म्हणजे जून-जुलैत वरची इंचभर माती पुन्हा पुन्हा कोरडी पडते, वारा चालूच असतो आणि रान रब्बीसाठी मोकळं ठेवलेलं असतं. वावटळ डोळ्यांत धूळ घालते म्हणून लक्षात राहते, पण एकूण मातीचा हिशेब केला तर हा दुसरा वारा जास्त नेतो असं माझं मत आहे. आणि याच काळात जिवंत पीक उभं करणं स्वस्त पडतं. तेव्हा उन्हाळ्यात मेलेलं आच्छादन आणि पावसाळ्यात जिवंत, अशी विभागणी करा. पुढचं सगळं त्याच हिशेबानं सांगतो.

वारा काय नेतो हेही बघायला हवं. ज्वारीच्या दाण्याएवढं ढेकूळ वाऱ्याला दाद देत नाही. दशांश मिलिमीटर ते अर्धा मिलिमीटर एवढे कण मात्र उड्या मारत पुढं सरकतात, आणि प्रत्येक उडीत खाली आपटून दुसरे कण मोकळे करतात. त्याहून बारीक जे आहे ते सरळ हवेत चढतं आणि तालुका ओलांडून जातं. तुमच्या चारीत साठतो तो जाडसर भाग. त्यातला कस आधीच निघून गेलेला असतो, त्यामुळं ती माती उचलून पुन्हा रानात टाकली तरी भरपाई होत नाही. १ मिलिमीटरचा थर गेला तर एकरी सुमारे ५ टन माती गेली असं धरा. ती वरची असते, म्हणजे शेणखत, सुपर फॉस्फेट आणि सगळा सेंद्रिय भाग जिथं असतो तीच.

काळी माती चिकट, ती कशी उडेल, असं पुष्कळ जण म्हणतात. ओली-कोरडी होता होता हीच माती उन्हाळ्यात आपोआप रव्यासारखी मोकळी होते आणि मग वाळूगत वागते. वर आपण रोटाव्हेटर फिरवतो. घरातली रव्याची चाळण घ्या, मे महिन्यात वरच्या इंचभरातली कोरडी माती ओंजळभर उचला आणि न चोळता हलक्या हातानं चाळा. निम्म्याहून जास्त खाली पडली तर ते रान वाऱ्याला तयार आहे. रोटाव्हेटर मारलेल्या आणि नुसत्या नांगरलेल्या अशा दोन तुकड्यांतली माती शेजारी-शेजारी चाळून बघा, मग पुढचं पटवून द्यावं लागणार नाही. नांगरटीची मोठी ढेकळं वाऱ्याला चांगली अडवतात, पहिला वळीव येऊन ती विरघळेपर्यंत तरी. रोटाव्हेटरला माझा सरसकट विरोध नाही, पण तो पेरणीच्या तोंडावर, मार्चमध्ये नाही.

आता मेलेलं आच्छादन. आपल्याकडे रान आरशागत स्वच्छ पाहिजे, ही चांगल्या शेतकऱ्याची खूण मानतात. ज्वारी मुळासकट उपटायची, कडबा बांधायचा, राहिलेली धसकटं वेचून ढीग करून पेटवायची. गव्हात हार्वेस्टर फिरला की काडाला आग. कोरडवाहू ज्वारीत कडब्याची एकेक पेंडी मोलाची असते, तिथं मी वाद घालत नाही. पण बागायतीत तुमच्या गव्हाचं काड ८-९ इंच उभं राहतं ते फुकटचं आच्छादन आहे, आणि ताग पेरून मिळेल त्यापेक्षा वाऱ्याच्या कामाला ते सरस आहे. उभी काडी वाऱ्याला जमिनीपासून वर उचलते, त्यामुळं मातीच्या अंगाला लागणारा वेगच कमी होतो. तेवढीच काडी आडवी पाडली तर तिचा उपयोग बराच घटतो. म्हणून गव्हाच्या अडीच एकरांत जूनपर्यंत काही करू नका. पाळी नको, नांगर नको, आग तर नकोच. हार्वेस्टरवाल्याला कापणी जरा वर धरायला सांगा, तो आनंदानं करेल, त्याचं डिझेल वाचतं. मागं पडणारा भुसा जनावरांसाठी न्यायचा तर न्या, फक्त उभं काड सोडा.

दोन धोके आहेत. एक मेंढरं. मेंढपाळाला रान द्यायचं असेल तर खत मिळतं हे खरं, पण आठवडाभर कळप बसला की काड तुडवून जमिनीला लागतं आणि खुरांनी वरची माती भुगा होते. मेंढ्या बसवायच्या तर कांद्याच्या नाहीतर नांगरायच्या तुकड्यावर बसवा, काडावर नको. दुसरा धोका आगीचा. शेजारी बांध पेटवतो आणि वारा तुमच्या रानाकडे वाहत असतो. बांधाला लागून दहा फूट पट्टा नांगरून मोकळा ठेवा आणि त्याची ढेकळं मोठीच राहू द्या.

कांद्याचा तुकडा मात्र खरा अडचणीचा. कांदा उपटला की मागं काहीच उरत नाही. पात वाळून उडून जाते, वाफे आधीच बारीक केलेले, आणि काढणीला माणसांच्या पायांनी उरलंसुरलं मोकळं होतं. तुमच्या ९ एकरांत सगळ्यात जास्त माती इथून जात असणार. इथं सगळ्या रानावर पीक पेरायला पाणी नाही, म्हणून पट्टे पेरा. कांदा निघाला की फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, थंडी सरल्यावर, बाजरीचे ६ फुटी पट्टे दक्षिणोत्तर टाका आणि दोन पट्ट्यांमध्ये ४० फूट अंतर सोडा. बाजरी साडेचार-पाच फुटांवर जाते. आडोशाची मदत उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत मिळते, म्हणून ४० फूट. पाण्याचा हिशेब बघा: ४६ फुटांत ६ फूट पीक, म्हणजे रानाच्या सातव्या-आठव्या हिश्शाला पाणी. अडीच एकराच्या तुकड्यात प्रत्यक्ष ओलीत १३-१४ गुंठे. कांद्याच्याच ठिबकवर पट्ट्याखालच्या दोन लॅटरल (रानात पसरलेल्या नळ्या) चालू ठेवा, बाकीच्या गुंडाळून काढा. नाहीतर उन्हात तडकतात आणि वाऱ्यात एकमेकींत गुंततात. बाजरी तयार व्हायला ८५-९० दिवस लागतात, म्हणजे मेच्या अखेरीस कणसं हातात येतात. पाणी एप्रिलमध्येच संपलं तर दाणा भरणार नाही, पण पट्टा वाळूनसुद्धा उभा राहतो, आणि आपल्याला तोच हवा आहे. कणसं खुडा, ताटं मृगापर्यंत कापू नका.

बाजरीऐवजी कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, का नको? चारा जास्त मिळतो, पण पाणी तुटलेली कोवळी ज्वारी जनावराला विषबाधा करते. एप्रिलमध्ये पाणी तुटणारच आहे आणि कुणाचं तरी जनावर सुटणारच आहे. बाजरीत ती भीती नाही. मका तर पाण्याशिवाय आठवडाभरही तग धरत नाही. पट्ट्यांमधल्या ४० फुटांत नांगराची एकच खोल नांगरट करून ढेकळं वर ठेवा. नांगर नसेल तर सरी यंत्रानं दक्षिणोत्तर सऱ्या पाडा. नुसत्या सपाट वाफ्यापेक्षा तेही बरं.

इथं एक अट. रानाला उतार असेल आणि उताराला आडवं म्हणजे पूर्व-पश्चिम येत असेल, तर वाऱ्यासाठी दक्षिणोत्तर जाऊ नका, उताराला आडवंच राहा. सप्टेंबरातला एक पाऊस वाऱ्याच्या महिनाभराच्या कामाएवढी माती एका रात्रीत ओढ्याला लावू शकतो. आपल्या भागात १९७२ च्या दुष्काळापासून जी बांधबंदिस्ती झाली ती पाण्यासाठी, आणि ती योग्यच होती. मातीचा बांध वाऱ्याला मात्र काही करत नाही. तो दीड-दोन फूट उंच, म्हणजे वीसेक फुटांपलीकडे त्याचा आडोसा संपला.

आता जून. ताग पेरायची वेळ ही. मृगाचा पहिला बरा पाऊस झाला की वाफशावर, म्हणजे चिखल ओसरून पेरण्याजोगी ओल राहिल्यावर, किंवा पाऊस लांबला आणि विहिरीत थोडं असेल तर तुषारचं एक पाणी देऊन. हातानं फोकून (विस्कटून) पेरू नका, तिफणीनं नाहीतर ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रानं ओळीत पेरा. फोकलेलं बी जिथं वाऱ्याची वाट असते नेमकं तिथं विरळ उगवतं. पहिले तीन आठवडे रान जवळजवळ उघडंच असतं, म्हणून गव्हाचं काड आणि बाजरीची ताटं तेवढे दिवस उभीच ठेवून त्यांच्यामधून पेरा. गव्हाच्या काडात पेरणी यंत्र नीट चालतं. बाजरीच्या पट्ट्यात चालत नाही, तिथं पट्टा सोडून पेरलं तरी चालेल.

तागाबाबत एक गोंधळ आहे, तो इथं सोडवायला हवा, कारण नव्वद टक्के चूक तिथं होते. आपण ताग ओळखतो तो हिरवळीचं खत म्हणून: एकरी २० ते २५ किलो बी, ४५-५० दिवसांनी फुलं दिसायला लागली की रोटाव्हेटरनं गाडायचा. खतासाठी हे बरोबर. त्या वयात तो लुसलुशीत असतो, नत्र भरपूर असतं आणि ओल असली की दोन-तीन आठवड्यांत कुजतो. पण वाऱ्यासाठी ताग पेरला आणि जुलैच्या अखेरीस गाडला, तर ऑगस्टभर रान पुन्हा उघडं, आणि तेही रोटाव्हेटरनं बारीक केलेलं. म्हणजे खर्च करून आधीपेक्षा वाईट. वाऱ्यासाठी ताग हवा असेल तर त्याला जरा निबर होऊ द्या, ६० ते ६५ दिवस. खोडाला धागा आला, की तो कापून वरच पसरा, गाडू नका. शेंगा भरायच्या आत कापा एवढं सांभाळा, नाहीतर पुढच्या पिकात तो तण होऊन उगवेल.

तुमच्या दोन तुकड्यांना म्हणून दोन वेगवेगळे उपाय. पुढं गहू येणार आहे त्या रानात एकरी १५ किलो ताग आणि २ किलो बाजरी मिसळून पेरा. ताग नत्र देतो, बाजरीचं काड लवकर कुजत नाही, जमिनीवर टिकतं. ऑगस्टच्या मध्यावर कापा आणि तसंच सोडा. त्यापुढं वाढू दिलं तर सप्टेंबरचा पाऊस जमिनीत साठायचा सोडून पिकात जाईल. गव्हाला नोव्हेंबरपर्यंत वेळ आहे, तोवर काड निम्मंअर्धं बसतं. बाजरीचं काड कुजताना जमिनीतलं नत्र धरून ठेवतं, त्यामुळं गहू सुरुवातीला पिवळट दिसू शकतो. पेरणीच्या वेळचा नत्राचा हप्ता कमी करू नका, जमलं तर थोडा वाढवा.

पुढं कांदा येणार आहे त्या रानात नुसता ताग, भरगच्च, आणि तो ४५-५० दिवसांतच घ्या, कारण कांद्याला वाफे बारीक लागतात आणि अर्धवट कुजलेलं काड रोपाच्या मुळाशी नको. सप्टेंबरच्या अखेरीस पुनर्लागण धरली तर ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ताग जमिनीत गेला पाहिजे. म्हणजे या तुकड्यात पेरणीच जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात करा, तोवर गव्हाचं काड उभं ठेवा. कांदा लावायच्या महिनाभर आधी तुकड्याच्या चारी बाजूंनी मक्याच्या दोन ओळी टाका. फुलकिड्यांना अडवण्यासाठी ही शिफारस राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेची आहेच, वाऱ्याच्या बाजूला तिचा दुहेरी उपयोग होतो. कोवळ्या कांद्याच्या पातीला उडत्या मातीचा मार बसला की तिथूनच करपा आत शिरतो.

धैंचा तुम्हाला सगळीकडे लागणार नाही. पण रानात चोपण पट्टा असेल, जिथं पाणी मुरत नाही, वर पांढरं फुटतं आणि उन्हाळ्यात पायाखाली फुपाटा होतो, तिथं ताग येत नाही आणि धैंचा येतो. एकरी १६ ते २० किलो बी, पाणी साचलं तरी चालतं. उसाखाली बरीच वर्षं राहिलेल्या सखल रानात असे पट्टे हमखास सापडतात. फक्त तेवढ्या पट्ट्यातच धैंचा टाका.

चवळीचं मला थोडं वेगळं सांगायचंय. जमीन झाकायला ती तागापेक्षा चांगली: महिन्याभरात वेल एकमेकांत मिसळतात आणि माती दिसेनाशी होते. पण ती मऊ, वाळली की उडून जाते, आणि उन्हाळ्यात हिरवी ठेवली तर पांढऱ्या माशीची नि फुलकिड्यांची बारमाही सोय होते. डाळिंबात तर ती मी सांगणारच नाही. सूत्रकृमी (मुळांत शिरणारे बारीक कृमी) असलेल्या बागेत चवळी, मूग, भेंडी ही पिकं मुळांवर गाठी वाढवणारी. तागावर मुळाच्या गाठीचा सूत्रकृमी फारसा वाढत नाही, झेंडूवरही नाही. म्हणून डाळिंबाच्या दोन ओळींमधल्या पट्ट्यात पावसाळ्यात ताग, आणि बागेच्या कडेनं नि मोकळ्या जागांत झेंडू. चौदा फुटी ओळ असेल तर दोन्ही झाडांकडे चार-चार फूट मोकळं सोडून मधला ६ फुटांचाच पट्टा पेरा. ताग गुडघ्याच्या वर गेला की ब्रश कटरनं कापून झाडाखाली टाका, पुन्हा फुटला तर पुन्हा कापा. खोडाला टेकवून ढीग लावू नका, वीतभर जागा मोकळी ठेवा. तिथं ओल राहिली की खोडाला भोकं पाडणारी कीड आणि बुंध्याची कुज दोन्ही येतात. उन्हाळ्यात बागेचं पाणी तोडून तिला ताण देता त्या काळात या पट्ट्याला पाणी द्यायचं नाही, वाळकं काडच पुरे. वाऱ्यानं फळं घासून डाग पडणं आणि पाऊस-वाऱ्याबरोबर तेल्या (तेलकट डागांचा रोग) पसरणं या दोन्हींना खालचं आच्छादन पुरत नाही, त्याला कडेचा आडोसा लागतो, तो पुढं सांगतो.

सांगोल्याकडच्या मुरमाड, हलक्या रानांत डाळिंब असणाऱ्यांनी तागाऐवजी मटकी बघावी, एकरी ५-६ किलो. अंगानं लहान, पण जमिनीला धरून पसरते आणि पावसाच्या खंडात मरत नाही. पाऊस उशिरा सुरू झाला तर हुलगा. तुमच्या काळ्या रानात या दोन्हींची गरज नाही.

उसाचं लवकर आटोपतो. पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटवू नका, बस्स. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं, खोडव्यात (तोडणीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या उसात) एकाआड एक सरीत भरलं तरी वारा त्या रानाचं काही बिघडवत नाही. पाटपाण्याच्या उसात सरी तुंबते ही तक्रार खरी आहे, म्हणून एकाआड एक. आच्छादनाखाली उंदीर वाढून ठिबकच्या नळ्या कुरतडतात हीही खरी, पाचटातही आणि तागाच्या काडातही. बिळं दिसली की लगेच बघा आणि लॅटरल काडाच्या खाली न ठेवता वर ठेवा. खोडवा मोडायचा असेल तर एप्रिलमध्ये मोडून रान उघडं टाकण्यापेक्षा बुडखे जूनपर्यंत राहू द्या.

कडेचा आडोसा. तुमचा पश्चिम बांध मोकळा आहे असं धरतो. तिथं शेवरी आणि गिरिपुष्प मिसळून दोन ओळी लावा. करमाळ्याकडे केळीच्या बागेला कडेनं शेवरी नि हत्ती गवत लावतात, ते याचसाठी. शेवरी वर्षभरात १२-१५ फूट जाते, म्हणजे दीडशे फुटांपर्यंत आडोसा. ती तीन-चार वर्षांत संपते, तोवर गिरिपुष्प धरतं आणि त्याचा पाला छाटून रानात टाकता येतो. आडोसा भिंतीगत गच्च करू नका, वारा वरून उसळून मागं आपटतो. निम्मा वारा आरपार जाऊ द्यावा. आणि मधे खिंडार ठेवू नका, बैलगाडीची वाट असली तर ती तिरकी काढा, नाहीतर सगळा वारा त्या फटीतून दुप्पट जोरानं घुसतो. वाऱ्याचा वेग ताशी २० वरून ३० किलोमीटरवर गेला की त्याची माती नेण्याची ताकद तिपटीहून जास्त होते, म्हणून एक खिंडार सगळ्या ओळीचं काम घालवतं. झाडांची मुळं पिकात येतात असं शेजारी म्हणतील. बांधापासून चार फुटांवर दोन-अडीच फूट खोल चर एकदा मारा आणि दर दोन वर्षांनी त्यात नांगराचा फाळ फिरवा. निलगिरी मात्र लावू नका.

आच्छादन पुरेसं आहे की नाही हे नजरेनं ठरवू नका, नजर नेहमी जास्त सांगते. ५० फुटांची सुतळी घ्या, दर अर्ध्या फुटाला गाठ मारा, शंभर गाठी होतील. रानात ओळींना तिरकी ताणा आणि ज्या गाठीखाली काडी आहे तेवढ्या मोजा. रानाच्या तीन-चार ठिकाणी करा. शंभरात ३० गाठी म्हणजे काठावर पास. आपल्या जूनच्या वाऱ्याला मी ५० मागतो. एप्रिलमध्ये एकदा आणि मृगाच्या आधी एकदा मोजलंत तर मधल्या काळात मेंढरांनी आणि वाळवीनं किती नेलं तेही कळेल.

बी घरी करायचंय, तर जरूर करा. तागाचं बी दरवर्षी महाग होतं आणि जूनमध्ये मिळतंच असं नाही. दहाएक गुंठे वेगळे काढा, जुलैच्या सुरुवातीला दीड फुटाच्या ओळींत विरळ पेरा, दोन ते अडीच किलो बी बास होतं. दाट पेरलात तर नुसती उंच काठी होईल, फांद्या नि शेंगा येणार नाहीत. फुलोऱ्यात कीटकनाशक मारू नका, तागाला बी धरायला भुंगे नि मोठ्या मधमाशा लागतात. केसाळ अळी पानावर आणि पुढं शेंगेत शिरते. ती फुलोऱ्याआधी दिसली तर निंबोळी अर्क, नंतर दिसली तर हातानं वेचणं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये शेंगा हलवल्यावर खुळखुळल्या की कापा, खळ्यावर चार दिवस वाळवून काठीनं बडवा. हे बी जनावरांच्या आंबवणात (खुराकात) जाऊ देऊ नका, ते त्यांना बाधतं. मेमध्ये शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून चार दिवसांनी मोजा. ऐंशी उगवले तर वर सांगितलेलं प्रमाण ठेवा, साठच उगवले तर ते प्रमाण तिसऱ्या हिश्शानं वाढवा, आणि त्याहून कमी असेल तर तेवढं बी विकत आणायची सोय मृगाच्या आधीच करून ठेवा.